दोन शाफ्टांमधला कोन

साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये रस काढणाऱ्या प्रत्येक मिलला तीन मुख्य रोलर असतात. दोन खाली, एक वर. खालचे दोन आपापल्या जागी घट्ट बसलेले. वरचा मात्र फिरता फिरता उचलला जातो. चिपाडाचा थर जाड आला की तो वर सरकतो, पातळ आला की हायड्रॉलिकच्या दाबाखाली पुन्हा खाली येतो. ही हालचाल मिलिमीटरांत मोजायची, पण गळीत हंगाम संपेपर्यंत ती दिवसरात्र चालू राहते. या रोलरला फिरवणारा शेवटचा गिअर काँक्रीटच्या पायावर बोल्टांनी आवळलेला असतो आणि तो तसूभरही हलत नाही. हलणारा रोलर आणि न हलणारा गिअर यांच्यामध्ये जे काही बसवायचं, त्याने फिरवण्याची ताकद पूर्ण पोचवायची आणि ओढाताण मात्र एका टोकाची दुसऱ्याकडे जाऊ द्यायची नाही.

ही ताकद किती असते, तेही पाहू. टॉर्क काढायचं सूत्र डिप्लोमा झालेल्या प्रत्येकाला पाठ असतं. किलोवॅटला ९५५० ने गुणायचं आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागायचं, की उत्तर न्यूटन-मीटरमध्ये मिळतं. एखाद्या मिलला ४०० किलोवॅट लागतात आणि तिचा रोलर मिनिटाला ५ फेरे घेतो, असं धरलं तर टॉर्क येतो ७,६४,००० न्यूटन-मीटर. शाफ्टच्या मध्यापासून एक मीटर लांब दांडी बाहेर काढून तिच्या टोकाला ७८ टन वजन टांगलं, तर जेवढा पीळ पडेल तेवढा हा पीळ आहे.

आपल्याकडच्या कारखान्यांनी या जागी पिढ्यान्‌पिढ्या टेल बार वापरला. चौकोनी टोकांचा भरीव पोलादी दांडा आणि दोन्ही टोकांना ओतीव पोलादाचे मफ. मफाच्या चौकोनात दांड्याचा चौकोन मुद्दाम थोडा सैल ठेवायचा, म्हणजे रोलर उचलला गेला की दांडा तेवढा तिरका होऊ शकतो. रचना साधी, कुठल्याही फाउंड्रीत ओतून मिळणारी, आणि मोडली तरी समजायला सोपी. प्रवरानगरला १९५० साली पहिल्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, त्यानंतर राज्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी मिल हाउसांमध्ये हाच दांडा फिरत राहिला.

पण टेल बारची एक खोड आहे. दांडा तिरका झाला की चौकोनाची पूर्ण बाजू मफाला टेकत नाही. फक्त कडा टेकतात, आणि त्या कडांवर सगळा टॉर्क येतो. इतक्या दाबाखाली पोलादावर पोलाद सहज सरकत नाही, घर्षणाने दांडा मफात अडकतो. मग रोलर वरखाली होताना दांडा त्याला आडवा ढकलतो, जर्नलला वाकवायला बघतो. रोलरच्या बेअरिंगवर बाजूने येणारा हा थ्रस्ट रस काढण्याच्या कामाचा नाही, त्यात वीज मात्र जाते. रोलर ज्या मोकळेपणाने तरंगायला हवा तो मोकळेपणाही यामुळे उणावतो, आणि रोलर नीट तरंगला नाही की पिळणं नीट होत नाही. म्हणून गेल्या काही दशकांत अनेक कारखान्यांनी टेल बारच्या जागी रोप कपलिंग बसवलं. गिअरच्या शाफ्टवर एक आडवा हात, रोलरच्या शाफ्टवर दुसरा, आणि दोघांना जोडणारे दोर किंवा पट्टे. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, त्यामुळे टॉर्क जातो आणि थ्रस्ट जात नाही. काहींनी त्याही पुढे जाऊन प्लॅनेटरी गिअरबॉक्स थेट रोलरच्या शाफ्टवरच चढवला आणि मधला सांधाच काढून टाकला.

हा सगळा विषय यंत्रांच्या जगात युनिव्हर्सल जॉइंटचा विषय आहे, आणि साखर कारखाना हे त्याचं एक अवजड टोक. दुसऱ्या टोकाला मल्टिस्पिंडल ड्रिलिंग हेडमध्ये बोटाएवढे सांधे असतात. एका मोटरवरून आठ-दहा ड्रिल वेगवेगळ्या जागी फिरवायचे, म्हणून प्रत्येक स्पिंडल तिरका निघतो. मधल्या पट्ट्यात कागद गिरणीचे ड्रायर, रोलिंग मिलचे स्पिंडल, कूलिंग टॉवरचे पंखे, ट्रॅक्टरवरून अवजार फिरवणारा पीटीओ शाफ्ट. जिथे दोन शाफ्ट एका रेषेत ठेवता येत नाहीत, तिथे हा सांधा येतो. यंत्राच्या खरेदीत मोटर आधी ठरते, मग गिअरबॉक्स, मग बेअरिंग. सांध्याचा विचार शेवटी होतो, तोही बहुतेक वेळा शाफ्टच्या व्यासावरून. व्यास जुळला की कपलिंग जुळलं, असं समजलं जातं. माझं म्हणणं असं, की व्यास ही यात सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. सांधा कोनावरून निवडायचा असतो, आणि तो कोन यंत्राजवळ उभं राहून मोजल्याशिवाय कळत नाही.

सांध्याची रचना पाहिली की हे पटतं. दोन शाफ्टांच्या टोकांना दोन योक, म्हणजे दोन-दोन कान असलेले पकडे. त्यांच्यामध्ये चार भुजांचा क्रॉस. प्रत्येक भुजेवर सुईसारख्या बारीक रोलरांचं नीडल बेअरिंग असलेला कप, कप बाहेर येऊ नये म्हणून सर्क्लिप, आणि मध्ये ग्रीस निपल. गॅरेजात ‘क्रॉस गेला’ म्हणतात तो हाच.

युरोपात या सांध्याला कार्डनचं नाव चिकटलं. जेरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) हा इटलीचा वैद्य आणि गणिती. त्याने लिहिलं ते एकात एक बसवलेल्या कड्यांच्या टांगणीबद्दल, जिच्यात ठेवलेली वस्तू बाहेरचं काहीही हललं तरी सपाट राहते. जहाजावरचं होकायंत्र तशाच टांगणीत ठेवतात. ती टांगणीही कार्डानोच्या कितीतरी आधीपासूनची. फिरणं एका शाफ्टवरून दुसऱ्या तिरक्या शाफ्टवर नेण्यासाठी या रचनेचा नेटका वापर मांडला तो लंडनच्या रॉबर्ट हूकने, १६७६ साली, सूर्याच्या निरीक्षणाच्या उपकरणांवर लिहिताना. आणि त्याला यात जे दिसलं, ते आजही मला फार सुंदर वाटतं.

हा सांधा तिरका चालवला, की एक शाफ्ट एकसारखा फिरला तरी दुसरा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. हूकच्या लक्षात आलं, की सपाट छायाघड्याळावरची सावलीही अशीच सरकते. सूर्य आकाशात एकसारख्या गतीने जातो, पण तबकडीवरची सावली सकाळ-संध्याकाळ एका वेगाने आणि दुपारी दुसऱ्या वेगाने सरकते. दोन्हींचं सूत्र एकच निघतं. लंडनचा अक्षांश साडेएकावन्न अंश, नव्वदातून तो वजा केला की साडेअडतीस. सांध्यात साडेअडतीस अंशांचा कोन ठेवून एक शाफ्ट घड्याळाच्या यंत्रणेने फिरवला, तर दुसऱ्या शाफ्टवरचा काटा लंडनच्या छायाघड्याळावरच्या सावलीच्याच चालीने चालतो. सांध्याचा असमानपणा हूकला हवाच होता.

कारखान्याला तो नको असतो. १८२४ साली फ्रान्सच्या झाँ-व्हिक्तोर पोंसले याने गोलीय त्रिकोणमितीने या असमान गतीचं गणित मांडलं. त्यातलं वापरायचं सूत्र लहान आहे. दुसऱ्या शाफ्टचा जास्तीत जास्त वेग म्हणजे पहिल्याचा वेग भागिले कोनाची कोसाइन, आणि कमीत कमी म्हणजे पहिल्याचा वेग गुणिले तीच कोसाइन. १४४० फेऱ्यांची मोटर आणि १० अंशांचा कोन असेल, तर दुसरा शाफ्ट १४१८ आणि १४६२ यांच्यामध्ये हेलकावे घेतो. दीड टक्का इकडे, दीड टक्का तिकडे. कोन ३० अंशांवर नेला, की हेच आकडे १२४७ आणि १६६३ होतात. हा हेलकावा सेकंदाला ४८ वेळा येतो, कारण मोटर सेकंदाला २४ फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा येतो. यंत्राजवळ उभं राहिलं तर वेगातला फरक डोळ्याला दिसत नाही. ऐकू येते ती गुणगुण, आणि महिन्याभराने गिअरबॉक्सच्या दातांवर खुणा दिसतात. हेलकाव्याने येणारा धक्का कोनाच्या आणि वेगाच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोन दुप्पट केला की धक्का चौपट. म्हणून एकच कोन संथ यंत्रावर निर्धास्त चालतो आणि वेगवान यंत्रावर काही आठवड्यांत बेअरिंग खातो. चांगल्या कॅटलॉगमध्ये वेग आणि कोन यांच्या गुणाकारावरच मर्यादा घातलेली असते. त्या तक्त्याकडे खरेदीच्या वेळी कुणी पाहताना क्वचितच दिसतं.

हेलकाव्यावरचा उपाय म्हणजे दोन सांधे. पहिल्याने केलेली गडबड दुसऱ्याने उलट करून निस्तरायची. मोटारगाडीत साखळीच्या जागी शाफ्ट आणणाऱ्या क्लॅरन्स स्पायसरला अमेरिकेत १९०३ साली पेटंट मिळालं, आणि तेव्हापासून दोन सांध्यांचा प्रोपेलर शाफ्ट जगभर पसरला. पण दोन सांधे आपोआप एकमेकांना सावरत नाहीत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. मधल्या शाफ्टवरचे दोन्ही योक एकाच पातळीत हवेत, याला फेज म्हणतात. आणि तिन्ही शाफ्ट एकाच पातळीत हवेत. यातलं फेजचं बंधन सर्वांत सहज मोडतं. मधला शाफ्ट लांबीत कमी-जास्त व्हावा म्हणून त्यात स्प्लाइन असतो. दुरुस्तीच्या वेळी तो ओढून काढतात आणि घाईत एखादा दात पुढे-मागे बसवतात. नव्वद अंशांनी चुकला, तर दोन सांधे एकमेकांना सावरायच्या ऐवजी एकमेकांत भर घालतात, आणि १० अंशांवरचा दीड टक्क्याचा हेलकावा तीन टक्के होतो. शाफ्टवर दोन बाण कोरलेले असतात ते याचसाठी. रंगाचे थर चढवताना ते बुजले, तर शाफ्ट काढण्याआधी पांढऱ्या मार्करने नवीन खूण करायची. याला अर्धं मिनिट लागतं. आणि फेज अचूक असली तरी मधला शाफ्ट स्वतः हेलकावत फिरतोच. तो जड असेल तर त्याचा झटका दोन्ही टोकांच्या बेअरिंगांना बसतो. दोन सांधे लावले म्हणून कोन हवा तेवढा वाढवायला मोकळीक मिळत नाही.

कोन मोजायचा कसा, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी निवड या एका मापावर उभी आहे. बहुतेक ठिकाणी शाफ्टवर चुंबकी अँगल गेज ठेवतात आणि आकडा वाचतात. हा फक्त उभा कोन झाला. वरून पाहिलं तर शाफ्ट डावी-उजवीकडेही तिरका असू शकतो, आणि तो कोन गेजवर दिसत नाही. तो दोरी ताणून, ओळंबा सोडून किंवा लेझरने काढावा लागतो. खरा कोन दोन्ही मिळून होतो. दोन्हींच्या टॅन्जंटचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं, की खऱ्या कोनाचा टॅन्जंट मिळतो. उभा कोन ८ अंश आणि आडवा ६ अंश असेल, तर खरा कोन जवळजवळ १० अंश येतो. गेजवरचे ८ धरून सांधा निवडला, तर बेअरिंगवरची मेहनत पहिल्या दिवसापासून पाव हिश्शाने जास्त. शिवाय माप थंड यंत्रावर घेतलं की गरम यंत्रावर, याने फरक पडतो. वाफेवर चालणारा ड्रायर तापला की फुगतो, त्याच्या शाफ्टचं केंद्र वर सरकतं. मोजणाऱ्याने दोन्ही वेळा मोजावं आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

कोन मोठा असणं वाईट, हे कुणालाही पटतं. कोन शून्य असणंही वाईट, हे पटवायला वेळ लागतो. लेझरने दोन्ही शाफ्ट अगदी एका रेषेत आणून दिले, की एखादा उत्साही अभियंता मोठं काम केल्याच्या समाधानाने घरी जातो. पण नीडल बेअरिंगमधल्या सुया फिरतात त्या कोनामुळेच. कोन नसला तर सगळा टॉर्क त्याच त्या सुयांवरून, क्रॉसच्या त्याच त्या रेषांवर महिनोन्‌महिने बसून राहतो. ग्रीस तिथून पिळून निघून जातं आणि क्रॉसच्या भुजांवर समांतर चरे पडतात. म्हणून क्रॉसच्या सांध्याला मुद्दाम एखाद-दीड अंशाचा कोन द्यायचा असतो. शाफ्ट एका रेषेत आणता येत असतील, तर युनिव्हर्सल जॉइंट घ्यायचाच कशाला? तिथे टायर कपलिंग, बुश-पिन किंवा गिअर कपलिंग पुरतं. गिअर कपलिंग प्रत्येक टोकाला साधारण दीड अंशापर्यंत निभावून नेतं आणि कमी जागेत जास्त टॉर्क घेतं.

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये हा शून्याचा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. टीएमटी सळईचं हे राज्यातलं मोठं केंद्र. भट्टीतून लालभडक बिलेट येतो, दोन रोलांच्या खाचेत शिरतो आणि एकामागून एक स्टँड पार करत बारीक होत जातो. पिनियनच्या गिअरांमधलं अंतर कायमचं ठरलेलं, पण रोल झिजतात. खाच खराब झाली की रोल लेथवर चढवून टर्निंग करतात, व्यास कमी होतो आणि दोन रोलांच्या केंद्रांमधलं अंतरही कमी होतं. म्हणजे पिनियन आणि रोल यांना जोडणाऱ्या स्पिंडलचा कोन रोलच्या वयाबरोबर बदलत राहतो. उदाहरणादाखल, नवीन रोल ३६० मिलिमीटरचा, भंगारात जाताना ३२० चा, आणि स्पिंडलच्या दोन सांध्यांमधलं अंतर दीड मीटर धरू. पिनियनच्या केंद्रांमधलं अंतर ३४० असेल, तर रोलच्या ऐन मध्यावर, ज्या काळात तो सर्वांत जास्त चालतो, तेव्हाच कोन शून्यातून जातो. तेच अंतर २८० ठेवलं, तर नव्या रोलला कोन दीड अंश आणि संपत आलेल्या रोलला पाऊण अंश, पण शून्य कधीच नाही. हा निर्णय मिल उभारताना एकदाच घ्यायचा असतो. नंतर कितीही महागडा क्रॉस आणला तरी तो बदलता येत नाही.

आणि इथेच धक्क्याचा हिशेब करावा लागतो. बिलेट रोलांमध्ये शिरतो त्या क्षणी सगळ्या गिअरांमधला आणि सांध्यांमधला सैलपणा एका झटक्यात संपतो, आणि टॉर्क नेहमीच्या दुपटीच्याही वर उसळू शकतो. कॉबल झाला, म्हणजे सळई अडकून गुंता झाला, तर त्याहूनही जास्त. कॅटलॉगमध्ये सर्व्हिस फॅक्टर म्हणून जो आकडा असतो, तो या उसळीसाठी. पंखा किंवा पंप यांच्यासारख्या एकसारख्या भाराला एक ते दीड पुरतो. जड धक्क्याला तीन किंवा त्याहून जास्त धरावा लागतो, आणि दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या रोलिंग मिलला त्याच्याही वर. तरी मिलमालक अनेकदा दीडवर थांबतात, कारण दीडला सांधा एक आकाराने लहान बसतो आणि स्वस्त पडतो. या हिशेबात खरी किंमत धरलेली नसते. बेअरिंगचं आयुष्य टॉर्कच्या सुमारे सव्वातीनाव्या घाताने घटतं. टॉर्क दहा टक्के वाढला की आयुष्य पाव हिश्शाहून जास्त कमी होतं. टॉर्क दुप्पट झाला की आयुष्य एक दशांश उरतं. जो क्रॉस वर्षभर टिकायचा, तो पाच आठवड्यांत जातो. मग मालाला दोष दिला जातो.

टॉर्क कुठला धरायचा, यातही गल्लत होते. ‘७५ किलोवॅटच्या मोटरचा क्रॉस द्या’ ही मागणी दुकानात रोज येते, पण ती पुरी नाही. मोटर १४४० ची असेल आणि सांधा मोटर व गिअरबॉक्स यांच्यामध्ये असेल, तर टॉर्क ४९७ न्यूटन-मीटर. तोच सांधा वीसास एक कमी करणाऱ्या गिअरबॉक्सनंतर बसणार असेल, तर वेग ७२ फेरे आणि टॉर्क जवळजवळ १०,००० न्यूटन-मीटर. त्यावर जड धक्क्याचा तीनचा फॅक्टर लावला की ३०,००० च्या घरातला सांधा लागतो. मोटर तीच, पण एका जागी मनगटाएवढा क्रॉस पुरतो आणि दुसऱ्या जागी दोन माणसांना उचलायला लागेल असा.

ट्रकच्या जुन्या प्रोपेलर शाफ्टचं आकर्षणही याच गल्लतीतून येतं. भंगार बाजारात तो सहज मिळतो, क्रॉस कुठल्याही तालुक्याला मिळतो, आणि ‘दहा टनांचा ट्रक ओढतो, तर आपला कन्व्हेयर का नाही ओढणार’ हे बोलणं पटण्यासारखं वाटतं. ट्रकच्या शाफ्टवर सर्वांत मोठा टॉर्क येतो तो पहिल्या गिअरमध्ये, चढावर, काही सेकंद. उरलेला प्रवास तो त्याच्या लहान हिश्शावर करतो. कारखान्यातलं यंत्र मोठा टॉर्क दिवसाला वीस-बावीस तास, महिनाभर न थांबता मागतं. तरीही ट्रकचा शाफ्ट वापरूच नये, असं मी म्हणत नाही. छोट्या वर्कशॉपला दुसरा पर्यायही नसतो. पण वापरताना त्याची ताकद कॅटलॉगमधल्या मोठ्या आकड्यावरून न धरता सतत चालण्याच्या आकड्यावरून धरावी, आणि शाफ्ट कापून लांबी बदलली असेल तर बॅलन्सिंग करून घ्यावं. वेल्डिंग करून तसाच लावलेला शाफ्ट १४४० वर किती थरथरतो, हे पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा तसं करत नाही. लांबीचं गणितही कडक आहे. शाफ्टची लांबी दुप्पट केली की ज्या वेगाला तो स्वतःच झोके घेऊ लागतो, तो वेग एक चतुर्थांशावर येतो. कूलिंग टॉवरच्या पंख्यांना लांब, हलके कार्बन फायबरचे शाफ्ट वापरतात ते यामुळे.

मोडलेला क्रॉस फेकून देण्याआधी वाचावा. त्यावर सगळं लिहिलेलं असतं. भुजांवर सुयांच्या मापाचे समांतर चरे पडले असतील, तर कोन फार कमी होता किंवा टॉर्क फार जास्त. पृष्ठभागाचे पोपडे निघाले असतील, तर आयुष्य संपलं होतं, बदलायला उशीर झाला. तांबूस-तपकिरी भुकटी सापडली, तर ग्रीस पोचलंच नव्हतं. भुजेच्या टोकाचा चेहरा खरवडला असेल, तर बाजूने थ्रस्ट येत होता. मग स्प्लाइन अडकला होता का, ते बघायचं. भुजा मुळातून तुटली असेल, तर एकच मोठा धक्का बसला, आणि तो कधी बसला हे त्या पाळीच्या लॉगबुकात बहुतेक सापडतं. ग्रीसबद्दल एकच सांगतो. निपलला गन लावून चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरायचं. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून आलं नाही, तर तो चौथा कप कोरडा चाललाय. ऑइलमनला हे ठाऊक असतं. पण त्याला यंत्र थांबवून मिळत नाही, आणि फिरत्या शाफ्टवर चौथा कप कुणालाही दिसत नाही.

फिरत्या शाफ्टचं आणखी एक अंग आहे, आणि निवडीतून ते बाहेर ठेवता येत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालतो. पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळताना सांध्याचा कोन इतका वाढतो, की साधा क्रॉस ठोके देऊ लागतो. अशा ठिकाणी ट्रॅक्टरच्या बाजूला दुहेरी क्रॉसचा वाइड अँगल सांधा घ्यावा, नाहीतर वळताना पीटीओ बंद करण्याची शिस्त पाळावी. शाफ्टवर प्लॅस्टिकचं न फिरणारं गार्ड असतं आणि ते जागी राहावं म्हणून बारीक साखळी असते. बऱ्याच शेतांत साखळी आधी तुटते, मग गार्ड अडचण करतं म्हणून काढून ठेवलं जातं. मग उघड्या शाफ्टवरून वाकून पाहताना खांद्यावरचा टॉवेल, पदर किंवा सैल बाही त्यावर पडली, की सेकंदाला नऊ वेढे बसतात. हात मागे घ्यायला माणसाला वेळ मिळत नाही. कारखान्यांसाठी १९४८ च्या अधिनियमाच्या कलम २१ ने शक्ती वाहून नेणाऱ्या प्रत्येक भागाला कुंपण सक्तीचं केलं, आणि कलम २२ ने चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर असण्याची अट घातली. शेतात निरीक्षक येत नाही. तिथे गार्ड सांध्याच्याच पावतीवर विकलं जायला हवं, वेगळा सुटा भाग म्हणून नव्हे.

योग्य सांधा निवडण्याच्या वाटेतली एक अडचण कागदाची आहे. सहकारी कारखाना असो की खासगी मिल, सांधा खरेदी होतो तो स्टोअरच्या इंडेंटवर, आणि त्यात जागा असते ती नाव, माप, नग आणि जुन्या पार्टचा नंबर लिहिण्यापुरती. त्यावर तीन कोटेशन येतात आणि सर्वांत कमी दर मंजूर होतो. जुना सांधा मुळातच चुकीचा असेल, तर ही पद्धत दर हंगामाला तीच चूक नव्याने विकत घेते. इंडेंटमध्ये काही ओळी वाढवल्या तर हे थांबेल. टॉर्क गिअरबॉक्सच्या अलीकडचा की पलीकडचा, यंत्र किती वेळा सुरू-बंद होतं, भार कसा, उभा कोन, आडवा कोन, थंड आणि गरम, शाफ्ट लांबीत किती सरकतो, मागचा सांधा किती तास चालला आणि कसा मोडला. या ओळी फिटरने भराव्यात, खरेदी विभागाने नव्हे, आणि खाली त्याची सही असावी. त्याच्या हातात अँगल गेज आणि मापं घेण्यापुरतं अर्ध्या पाळीचं शटडाउन द्यावं. तो कागद पुरवठादाराकडे गेला, की जो फक्त जुन्या क्रॉसचा नंबर पुन्हा मागेल त्याचं कोटेशन बाजूला ठेवावं. जो फोन करून विचारेल, की आडवा कोन कशाने मोजला आणि कॉबल आठवड्यात किती वेळा होतो, त्याला मिलवर बोलवावं आणि त्याने स्वतः मोजल्यावरच ऑर्डर काढावी, मग त्याचा दर सर्वांत कमी नसला तरी चालेल.